आधी मांडणी, मग सारांश: लहान मुलांना उताऱ्यातली माहिती निवडायला आणि रचायला शिकवताना

तिसरी ते सहावीच्या मुलांपुढे उतारा ठेवून ‘याचा सारांश तुमच्या शब्दांत लिहा’ असे सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच प्रकार दिसतो. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवलेले असते, मधली वाक्ये गळालेली असतात आणि शेवटी एखादे आवडलेले वाक्य जोडलेले असते. याला मुलांचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. त्या एका सूचनेत चार कामे दडलेली आहेत: उतारा कशाबद्दल आहे ते ओळखणे, महत्त्वाचे निवडणे, निवडलेले नीट मांडणे आणि ते नव्या वाक्यांत बांधणे. ज्या मुलाचे अर्धे लक्ष अजून जोडाक्षरे वाचण्यातच जाते, त्याला ही चारही कामे एकदम झेपत नाहीत. मग ते हाताशी असलेले सोपे काम करते, म्हणजे उतरवून काढते.

वाचनाच्या अभ्यासक ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ साली वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे सारांश तपासून दाखवले, की पाचवीच्या वयाच्या मुलांना नको ते गाळणे बऱ्यापैकी जमते, पण उरलेला मजकूर ती जवळपास मूळ शब्दांतच लिहितात. अनेक बाबींना मिळून एक नाव देणे त्यानंतर जमू लागते. उताऱ्यात कुठेही न लिहिलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे सर्वांत उशिरा येते. शिकवण्याचा क्रमही असाच ठेवावा: गाळणे, नाव देणे, रचणे. आणि लिहायला बसण्याआधी माहितीची मांडणी कागदावर झालेली असावी. ही मांडणीची पायरी वर्गात सर्रास वगळली जाते, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उतारा कसा निवडावा

पहिल्या दोन आठवड्यांसाठी ८० ते १२० शब्दांचा, एकाच विषयावरचा माहितीपर उतारा घ्या. वाक्ये आठ ते बारा असावीत. मुलांना अनोळखी शब्द चार-पाचपेक्षा जास्त नकोत. असले तर ते वाचनाआधीच फळ्यावर लिहून समजावा. मुलाला विषयाची थोडी ओळख असावी, पण सगळेच माहीत असू नये. सगळे माहीत असेल तर मूल उतारा बाजूला ठेवून स्वतःच्या माहितीवरून लिहिते आणि तुम्हाला तो सारांश वाटतो.

गोष्टीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण मुलांना गोष्टी आवडतात. पण गोष्टीत प्रत्येक घटना पुढच्या घटनेला धरून असते, त्यामुळे काहीही गाळायला मूल तयार होत नाही. माहितीपर उताऱ्यात बिनमहत्त्वाचे वाक्य उचलून बाजूला ठेवता येते आणि काही बिघडले नाही हे लगेच दिसते. गोष्टी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणा.

उतारा छापताना किंवा फळ्यावर लिहिताना प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीमुळे वर्गातली चर्चा सुटसुटीत होते. ‘ते मधलं वाक्य, किड्यांचं’ असे म्हणण्याऐवजी मूल ‘सातवं वाक्य’ म्हणते.

आधी तोंडी सराव

पहिले दोन-तीन तास लिहायचे काहीच नाही. रोज दहा मिनिटे तोंडी खेळ घ्या. चार शब्द सांगा, मुलांनी एक नाव द्यायचे: कावळा, चिमणी, पोपट, घार म्हणजे पक्षी. हे सगळ्यांना जमते. मग थोडे अवघड: करवत, हातोडी, पटाशी, रंधा. ‘वस्तू’ हे उत्तर आले तर ते चूक म्हणू नका, पण विचारा, ‘वही पण वस्तूच आहे, मग ती यात बसेल का?’ मुले ‘सुताराची हत्यारं’पर्यंत येतात. नाव फार मोठे असले तर त्यात नको तेही मावते, फार लहान असले तर हवे ते बाहेर राहते. पुढे सारांशातही हाच निकष लागतो, म्हणून या खेळात घाई करू नका.

नंतर वस्तूंच्या जागी कृती आणा. ‘तिने दप्तर भरले, पाण्याची बाटली घेतली, बूट घातले आणि दार ओढून घेतले.’ एका वाक्यात सांगा. ‘ती शाळेला निघाली.’ आता मुलांना विचारा, यातला ‘शाळा’ हा शब्द वाक्यात होता का? नव्हता. तो आपण कशावरून आणला? दप्तरावरून. उताऱ्यात नसलेले, पण उताऱ्यावरूनच निघणारे वाक्य रचणे म्हणजे काय, हे इतक्या लहान उदाहरणातून मुलाला कळते. एखादे मूल ‘ती शाळेला उशिरा निघाली’ म्हणेल. तिथे थांबून विचारा, ‘उशिरा हे कोणत्या शब्दावरून कळलं?’ आधार सापडत नाही, म्हणून तो शब्द काढायचा.

एक उतारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पुढचा उतारा ८८ शब्दांचा आणि दहा वाक्यांचा आहे. तो वर्गात जसाच्या तसा वापरता येईल.

(१) वटवाघळाला पंख असले तरी ते पक्षी नाही. (२) ते अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते आणि त्याला दूध पाजते. (३) म्हणून त्याला सस्तन प्राणी म्हणतात. (४) दिवसा वटवाघळे गुहेत, पडक्या इमारतीत किंवा झाडावर उलटी लटकून झोपतात. (५) डोके खाली आणि पाय वर अशी झोप पाहून आपल्याला गंमत वाटते. (६) रात्र झाली की ती अन्न शोधायला बाहेर पडतात. (७) काही वटवाघळे डास, पतंग आणि भुंगे खातात, तर काही फळे खातात. (८) किडे खाणारी वटवाघळे उडताना आपल्याला सहसा ऐकू न येणारे आवाज काढतात. (९) ते आवाज किड्यावर आदळून परत येतात. (१०) त्यावरून किडा कुठे आहे, हे त्यांना अंधारातही कळते.

पहिले वाचन तुम्ही मोठ्याने करा, दुसरे मुले मनात करतील. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली ठेवायला लावा. हातात पेन्सिल असली की मुले वाचता वाचताच अधोरेखन करू लागतात, आणि पूर्ण उतारा कळण्याआधी केलेले अधोरेखन जवळजवळ नेहमी पहिल्या तीन वाक्यांत अडकते.

वाचून झाल्यावर दोन प्रश्न, याच क्रमाने. हे कोणाबद्दल किंवा कशाबद्दल आहे? उत्तर एक-दोन शब्दांचे: वटवाघूळ. त्याच्याबद्दल काय सांगितले आहे? हे उत्तर पूर्ण वाक्यात यायला हवे. विषय आणि मुख्य मुद्दा यांतला गोंधळ लहान वयात फार होतो. ‘मुख्य मुद्दा काय?’ असे विचारल्यावर मूल ‘वटवाघूळ’ म्हणते आणि आपण ते बरोबर धरून पुढे जातो. तिथेच अडवा. एका शब्दाने विषय सांगता येतो. मुद्दा सांगायला क्रियापद लागते.

आता गाळणे. पाचव्या वाक्यापासून सुरू करा, कारण खरा वाद तिथेच आहे. मुलांना विचारा, कोणते वाक्य काढले तर वटवाघळाबद्दलची आपली माहिती कमी होणार नाही? पाचवे वाक्य मुलांना सर्वांत जास्त आवडलेले असते, त्यामुळे ते काढायला विरोध होतो. रंजक पण बिनमहत्त्वाचा तपशील मुख्य माहितीवरून लक्ष ओढून घेतो, हे वाचनाच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. मुलाची आवड चुकीची आहे असे सुचवू नका. फळ्याच्या कडेला ‘गंमत’ नावाचा एक चौकोन आखा आणि ते वाक्य तिथे हलवा. वाक्य फेकले गेले नाही, जागेवर ठेवले गेले, हे दिसले की मुले गाळायला घाबरत नाहीत.

गाळताना आणखी एक गोष्ट दिसेल. दुसरे आणि तिसरे वाक्य घेऊन विचारा, यातले एकच ठेवायचे तर कोणते? दुसऱ्यात पुरावा आहे, तिसऱ्यात निष्कर्ष. सारांशात निष्कर्ष ठेवायचा. पण ‘सस्तन’ हा शब्द मुलाला समजलेला नसेल तर तो वहीत नुसता उतरवलेला राहील. तसे असल्यास ‘पिल्लांना दूध पाजणारा प्राणी’ हेच चांगले उत्तर आहे.

मग नाव देणे. सातव्या वाक्यातले डास, पतंग, भुंगे एका शब्दात: किडे. हा शब्द आठव्या वाक्यात लेखकानेच दिलेला आहे, तो मुलांनाच शोधू द्या. चौथ्या वाक्यातल्या तीन जागांना मिळून नाव शोधायला गेलात तर ‘अंधाऱ्या जागा’ असे उत्तर येईल, आणि झाडामुळे ते चुकेल. इथे नाव देण्याचा हट्ट न धरता जागा गाळलेल्या बऱ्या.

शेवटी रचणे. आठ, नऊ आणि दहा ही तीन वाक्ये एकाच गोष्टीच्या तीन पायऱ्या आहेत. ‘हे सगळं वटवाघूळ कशासाठी करतं?’ असा प्रश्न विचारला की उत्तर येते: अंधारात किडे शोधण्यासाठी. कशाच्या मदतीने? आवाजाच्या. झाले वाक्य: आवाजाच्या मदतीने ती अंधारात किडे शोधतात. मुले अडली की ‘कशासाठी’ आणि ‘कशाने’ हे दोन प्रश्न बहुतेक वेळा कामी येतात.

चिठ्ठ्या, गठ्ठे आणि नावे

सारांश अजून लिहायचा नाही. वहीचे एक पान आठ भागांत फाडा. एका मुलाला सहा ते आठ चिठ्ठ्या पुरतात. प्रत्येक चिठ्ठीवर एकच माहिती, जास्तीत जास्त चार शब्दांत. पूर्ण वाक्य लिहायची परवानगी नाही. ‘दिवसा झोप’, ‘रात्री अन्न शोधणे’, ‘पिल्लाला दूध’, ‘आवाजाने किडा सापडतो’. चार शब्दांची मर्यादा कडक वाटेल, पण तिच्यामुळेच मूळ वाक्य मोडते. चिठ्ठीवर वाक्य मोडलेले असले की पुढे मुलाला ते स्वतःच जोडावे लागते. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असे दहादा सांगून जे होत नाही, ते इथे आपोआप होते.

चिठ्ठ्या बाकावर पसरा आणि एकमेकींशी संबंध असलेल्या जवळ ठेवायला सांगा. गठ्ठे तीन-चार व्हावेत. दोनच झाले तर वर्गीकरण फार ढोबळ आहे. सहा झाले तर मुलाने प्रत्येक चिठ्ठी वेगळीच मानली आहे. प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायचे, आणि सुरुवातीला ते नाव प्रश्नाच्या रूपात असावे: कोण आहे? कधी काय करते? काय खाते? अन्न कसे शोधते? प्रश्न असला की चिठ्ठी त्याचे उत्तर आहे की नाही हे मुलाला स्वतः तपासता येते. ‘माहिती’ किंवा ‘वैशिष्ट्ये’ असे नाव आले तर ते फेटाळा, कारण त्यात काहीही बसते. ‘इतर’ गठ्ठा चालेल, पण त्यात दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत.

आदल्या तासाला शाबासकी मिळालेले गठ्ठ्यांचे नाव मुले पुढच्या उताऱ्यालाही लावू पाहतात. खडकांवरच्या उताऱ्याला ‘काय खातो?’ असा रकाना आखलेला दिसला, की मांडणी उताऱ्यातून निघते ही गोष्ट पुन्हा सांगायची वेळ आली असे समजा.

उताऱ्याचा आकार पाहून तक्ता

सगळ्या उताऱ्यांसाठी मध्ये गोल आणि भोवती रेघा असलेले शब्दजाळेच काढून घेतले जाते. वर्णन असेल तिथे ते चालते. बाकी ठिकाणी ते माहितीचा आकारच पुसून टाकते, कारण जाळ्यात आधी-नंतर नसते आणि कारण-परिणामही नसतो. जाळे वापरायचेच असेल तर रेघेवर जोडणारा शब्द लिहायला लावा: ‘खाते’, ‘राहते’, ‘मुळे होते’. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांच्या संकल्पनाचित्रात दोन कल्पनांना जोडणाऱ्या रेघेवर असा शब्द असतो. त्यामुळे एक रेघ म्हणजे एक वाक्य होते. शब्द नसलेली रेघ काहीच सांगत नाही.

उतारा क्रमाचा असेल तर चौकोन आणि बाण. फुलपाखराचे अंडे, अळी, कोष, फुलपाखरू हा सरळ क्रम वाटतो, पण शेवटचा बाण पुन्हा अंड्याकडे जायला हवा, म्हणून तो गोलात काढा. क्रमाच्या उताऱ्यात ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘शेवटी’ हे शब्द मुले पटकन ओळखतात. फसतात ती ‘-ण्याआधी’ आणि ‘-ल्यावर’ असलेल्या वाक्यांत. ‘कोषात जाण्याआधी अळी भरपूर पाने खाते’ या वाक्यात कोष पहिला येतो, पण घडतो नंतर. मूल वाक्यातल्या क्रमाने चौकोन भरते आणि बाण उलटा पडतो. अशी पाच-सहा वाक्ये वेगळी काढून फक्त ‘आधी काय घडलं?’ एवढेच विचारा. एका तासात हे सुधारते.

कारण आणि परिणामाचे तसेच आहे, आणि मराठीत त्याची खास अडचण आहे. ‘पाऊस पडला नाही, म्हणून विहीर आटली.’ ‘विहीर आटली, कारण पाऊस पडला नाही.’ अर्थ एकच, पण ‘म्हणून’च्या आधी कारण येते आणि ‘कारण’च्या आधी परिणाम. मुले पहिल्या चौकोनात पहिला तुकडा लिहून मोकळी होतात. त्यामुळे चौकोन भरण्याआधी प्रत्येक वाक्य दोन्ही तऱ्हांनी म्हणून घ्या, मग ‘कशामुळे?’ या प्रश्नाचे उत्तर डाव्या चौकोनात आणि ‘काय झालं?’चे उत्तर उजव्या चौकोनात लिहा. एका परिणामाला दोन-तीन कारणे असली तर डावीकडे तेवढे चौकोन काढून सगळे बाण एकाच चौकोनात न्या. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द उताऱ्यात नसतील तेव्हा मुले संबंध पाहतच नाहीत. ‘पाऊस पडला नाही. विहीर आटली.’ अशी जोडशब्द काढलेली वाक्ये मुद्दाम द्या.

तुलनेसाठी दोन एकमेकांत शिरलेली वर्तुळे सगळीकडे वापरली जातात. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र तीन रकान्यांचा तक्ता जास्त उपयोगी पडतो, असे आमचे ठाम मत आहे. वर्तुळात मूल लिहिते: मुंगीला सहा पाय, कोळी जाळे विणतो. दोन्ही खरे, पण तुलना झालीच नाही. तक्त्याचा पहिला रकाना ‘कशाबाबत’ असा ठेवला, त्यात ‘पाय’ लिहिले, की मुंगीपुढे सहा आणि कोळ्यापुढे आठ हे भरावेच लागते. ‘शरीराचे भाग’ लिहिले की तीन आणि दोन. उताऱ्यात एखादी बाजू सांगितलेली नसली तर तिथे रेघ ओढायची, आठवणीतून भरायचे नाही. तक्त्यात अशी रिकामी राहिलेली जागा म्हणजे पुढे कुठेतरी शोधायचा प्रश्न. ती लाल पेन्सिलीने गोल करून ठेवा.

जोडशब्दांवरून आकार ओळखायला शिकवताना ‘तर’ जपून वापरा. ‘पाऊस आला तर खेळ बंद’ यातला ‘तर’ अट सांगतो. ‘काही किडे खातात, तर काही फळे’ यातला ‘तर’ फरक दाखवतो. ‘तर दिसला की तुलना’ असे सूत्र मुलांना देऊ नका. ‘मात्र’, ‘उलट’, ‘याच्यापेक्षा’, ‘दोन्ही’ हे तुलनेसाठी बरेच भरवशाचे.

आता लिहिणे

उतारा पालथा ठेवायचा, समोर फक्त गठ्ठे किंवा तक्ता. हा नियम मोडू देऊ नका. उतारा डोळ्यांसमोर असला की नजर मूळ वाक्याकडे जाते आणि हात उतरवू लागतो. मोठ्यांचेही हेच होते. काही अडले तर उठून पुस्तक पाहून यायला परवानगी द्या, पण पुस्तक बाकावर आणायचे नाही. चार पावले चालून परत येईपर्यंत मूळ शब्दरचना विसरली जाते आणि माहिती तेवढी लक्षात राहते.

लिहिण्याआधी एका मिनिटात शेजाऱ्याला सांगायचे. तोंडी सांगताना मुलाचे वाक्य आपोआप त्याचे स्वतःचे असते. सांगितलेले लगेच लिहायला लावा. एका गठ्ठ्याचे एक वाक्य, फार तर दोन गठ्ठ्यांचे मिळून एक. पहिल्या वाक्याचा साचा दिला तरी चालतो: ‘___ हा असा प्राणी आहे, जो ___’, ‘___ मुळे ___ होते’, ‘___ आणि ___ यांच्यात ___ सारखे आहे, पण ___ वेगळे आहे’. दोन-तीन आठवड्यांनी साचे काढून घ्या. नाहीतर चाळीस वह्यांत चाळीस वेळा ‘जो’ दिसेल.

शब्दमर्यादा आकड्यात सांगा. ‘थोडक्यात’ म्हणजे किती, हे मुलाला कळत नाही. सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश असावा असा परीक्षेतला नियम सांगितला जातो, पण लहान मुलांना अपूर्णांकाचा हिशोब नको. ‘तीस शब्दांच्या आत’ एवढे पुरे. शब्द मोजायला त्यांना आवडते. वटवाघळाच्या उताऱ्याचा चांगला सारांश असा दिसेल:

वटवाघूळ पक्षी नसून सस्तन प्राणी आहे. ते दिवसा झोपते आणि रात्री अन्न शोधते. काही वटवाघळे फळे खातात, तर काही आवाजाच्या मदतीने अंधारात किडे शोधून खातात.

हे २५ शब्द झाले. ज्यांना हे जमले त्यांच्याकडून तोच सारांश १५ शब्दांत बसवून घ्या: ‘वटवाघूळ हा रात्री फिरणारा सस्तन प्राणी असून काही वटवाघळे आवाजाच्या मदतीने अंधारात किडे पकडतात.’ १४ शब्द. या दुसऱ्या फेरीत खरे शिक्षण होते. पहिल्या फेरीत मूल नको ते काढते, दुसऱ्या फेरीत त्याला हव्या असलेल्या दोन गोष्टींमधून निवड करावी लागते. फळे का गेली, झोप का गेली, याचे कारण विचारा. दोन मुलांनी वेगवेगळी निवड केली आणि दोघांकडे कारण असले तर दोन्ही सारांश बरोबर.

वहीत काय चुकते आणि कशाने सुधारते

सारांश सर्वनामाने सुरू होतो: ‘ते रात्री बाहेर पडते.’ मुलाच्या डोक्यात वटवाघूळ असते, म्हणून ‘ते’ कोण हे लिहायचे राहून जाते. पहिल्या वाक्यात नाव हवेच, आणि नवीन व्यक्ती किंवा वस्तू आली की पुन्हा नाव. नमुन्याच्या सारांशात दुसऱ्या वाक्यातला ‘ते’ चालतो, कारण त्याच्या लगेच आधी नाव आले आहे.

‘काही’ गळतो. ‘वटवाघळे फळे खातात’ हे वाक्य लहान झाले, पण खोटे झाले. काही, बहुतेक, कधीकधी, फक्त, सहसा हे शब्द मुलांना भरीचे वाटतात आणि गाळण्याच्या उत्साहात पहिले बाहेर पडतात. या पाच शब्दांची पट्टी भिंतीवर लावा आणि गाळण्याआधी प्रत्येकावर बोट ठेवायला सांगा. ‘नाही’ गळण्याचा धोकाही याच जातीचा.

स्वतःचे मत शिरते: ‘वटवाघूळ मला घाणेरडे वाटते.’ त्यासाठी ‘गंमत’सारखाच ‘माझे मत’ नावाचा चौकोन वहीच्या तळाशी द्या. मत लिहायला जागा मिळाली की ते सारांशात डोकावत नाही.

सारांश मूळ उताऱ्याइतकाच लांब होत असेल तर मुलाला लिहायला पुन्हा बसवू नका. त्याच्या चिठ्ठ्या मोजा. बहुतेक वेळा चिठ्ठ्याच दहा-बारा असतात, म्हणजे अडचण निवडीत आहे. ‘फक्त सहा ठेव’ म्हणा. उलट, सारांश एका ओळीत संपत असेल तर त्याने विषय लिहून मुद्दा सोडलेला असतो. ‘कशाबद्दल आहे?’ आणि ‘त्याच्याबद्दल काय सांगितले आहे?’ या दोन प्रश्नांकडे परत जा.

काही मुलांचे वाचनच अडखळत असते. त्यांना सारांशापासून दूर ठेवणे चूक आहे. उतारा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, चिठ्ठ्यांवर शब्दांऐवजी लहान चित्रे काढू द्या आणि सारांश तोंडी घ्या. माहिती निवडण्याची आणि रचण्याची समज वाचनाच्या वेगावर अवलंबून नसते, पण वर्गात ती बरेचदा वेगावरून मोजली जाते.

आठवड्यांचा हिशोब

आठवड्यातून तीन तास, प्रत्येकी तीस मिनिटे, सहा ते आठ आठवडे. पहिला आठवडा तोंडी खेळांचा. दुसऱ्यात तुम्ही फळ्यावर करता आणि विचार मोठ्याने बोलता: ‘हे वाक्य मी काढतोय, कारण हे चौथ्यानं आधीच सांगितलंय.’ हा बोललेला विचार सर्वांत महत्त्वाचा. नुसता तयार सारांश दाखवला तर मुलांना निकाल दिसतो, तिथवर कसे पोचलो ते दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्यात चार-चार मुलांचे गट. ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक परिच्छेदानंतर मुले आळीपाळीने सारांश सांगतात, प्रश्न विचारतात, अडलेले स्पष्ट करतात आणि पुढे काय येईल याचा अंदाज करतात. गटातल्या चौघांना ही चार कामे वाटून द्या आणि परिच्छेद बदलला की कामे फिरवा. नाहीतर हुशार मूलच कायम सारांश सांगत राहते. पाचव्यापासून जोडी, मग एकट्याने. एखाद्या आठवड्यात निम्म्याहून जास्त मुले अडली तर पुढे न जाता नवा उतारा घेऊन तोच आठवडा पुन्हा करा.

शेवटी एकाच विषयावरचे दोन उतारे समोर ठेवा. तक्त्यात डावीकडे प्रश्न, वर ‘उतारा अ’ आणि ‘उतारा ब’. दोन्हींत असलेली माहिती सारांशात एकदाच लिहायची. एकातच असलेली कुठून आली ते तक्त्यात दिसते. दोन उताऱ्यांत आकडे जुळले नाहीत तर मुले हमखास सरासरी काढतात किंवा मोठा आकडा निवडतात. ‘एका उताऱ्यात असे आहे, दुसऱ्यात तसे’ असे वाक्य लिहायला शिकवा.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट पाहा. ज्या दिवशी निवड तपासता, त्या दिवशी शुद्धलेखनाच्या खुणा करू नका. लाल खुणा दिसल्या की मूल पुढच्या वेळी येत असलेलेच शब्द वापरते, आणि ते शब्द उताऱ्यातले असतात. सारांश जमला की नाही हे पाहायला एक सोपी चाचणी आहे. उतारा न वाचलेल्या मुलाला तो सारांश द्या आणि उताऱ्यावरचे चार प्रश्न विचारा. तीनची उत्तरे आली तर सारांश चालतो. कमी आली तर लिहिणारे मूल आणि वाचणारे मूल दोघे मिळून उतारा उघडतात आणि कोणती चिठ्ठी राहून गेली ते शोधतात.